तांडेलांचं गाऱ्हाणं

आमच्या कारखान्याच्या गच्चीवर बांबूला एक लुंगी बांधलेली आहे. निळ्या चौकड्यांची. ती मी उतरवणार नाही.

मध्यंतरी पुण्याहून सुरक्षेचे एक सल्लागार आले होते. त्यांनी खालूनच बोट दाखवून विचारलं, "हे काय वाळत घातलंय?" मी म्हटलं, "वाऱ्याची दिशा." ते हसले आणि हेलिपॅडवर असते तशी नारिंगी कापडी पिशवी लावा म्हणाले. ती आम्ही लावली, लुंगीच्या शेजारी. मग ते म्हणाले, भोंगा वाजल्यावर तुम्ही बाहेर जमून जे काही ओरडता ते बंद करा, आपण मराठी-हिंदी-इंग्रजीत रेकॉर्ड केलेली सूचना बसवू. त्याला मी नाही म्हटलं. उभी राहून, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात म्हटलं. तो आवाज मूळचा माझा नाही. ज्यांनी तो मला दिला त्यांच्याबद्दल हे लिहिते आहे.

सगळे त्यांना तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख. प्रत्यक्षात त्यांनी कधी मच्छीमारी बोट चालवली नव्हती. हेदवीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, तरुणपणी मालवाहू जहाजावर आग विझवणाऱ्या तुकडीत होते, आणि समुद्र सोडल्यावर आमच्याकडे सेफ्टी ऑफिसर म्हणून आले. पण सेफ्टी ऑफिसर म्हटलेलं त्यांना खपत नसे. "तो कागदावरचा माणूस. कागद भिजला की मेला," असं म्हणत. नवीन माणसाने 'सर' म्हटलं की ते मागे वळून बघत, जणू मागे दुसरं कुणी उभं आहे.

आमचा कारखाना रत्नागिरीच्या एमआयडीसीत. कोळंबी आणि म्हाकूल सोलायची, निवडायची, गोठवायची आणि परदेशी पाठवायची. गोठवायला अमोनिया लागतो. तो पाइपांतून फिरतो आणि पाइपातच राहिला तर त्याच्यासारखा गुणी नोकर नाही. बाहेर आला तर काय होतं ते मी बी.एस्सी.च्या पुस्तकात वाचलं होतं. तांडेलांनी एका वाक्यात सांगितलं, "आधी डोळे मागतो, मग श्वास मागतो, आणि मागितलेलं परत देत नाय."

मी तिथे क्वालिटी विभागात नुकतीच लागले होते. लांज्याच्या आतल्या गावातली मी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. शिकलेल्या मुलीनं हळू बोलावं असं मला शाळेपासून वाटत आलं होतं, आणि मी इतकं हळू बोलत असे की समोरचा माणूस वाकून ऐके. तांडेल आपत्कालीन पथकासाठी माणसं निवडत होते तेव्हा मीही रांगेत उभी राहिले, कारण पथकात जाणाऱ्याला मुंबईत एक प्रशिक्षण मिळणार होतं आणि मला शिकायला मिळेल ते सगळं हवं होतं.

त्यांची निवड म्हणजे एक तमाशाच होता. शिक्षण, अनुभव काही विचारायचे नाहीत. पुरुषांना विचारायचे, "शिमग्यात पालखीला खांदा दिलास काय रे कधी?" नाही म्हणणारा बाद. त्यांचं म्हणणं असं, की पालखी नाचवणाऱ्याला चालता चालता खांदा बदलता येतो, पुढच्याचं पाऊल न बघता कळतं आणि काही झालं तरी पालखी भुईला लागू देत नाही. स्ट्रेचर उचलायला आणखी काय लागतं? बायकांना विचारायचे, "तुझ्या गावची विहीर घरापासून वर की खाली?" खाली म्हटलं की निवड. पाण्याचे हंडे चढावर वाहिलेल्या बायकांचा त्यांना पुरुषांपेक्षा जास्त भरवसा होता. स्ट्रेचरसाठी त्यांनी चार बायकाच निवडल्या, त्यात सोलण विभागातल्या सुगंधावहिनी पहिल्या. त्यावर प्लेट फ्रीझरवरचा एक जण कुजबुजला, "बायका कुठं पालखी नाचवतात?" तांडेल त्याच्याकडे वळून म्हणाले, "त्यात देव नाय बसायचा रे. तू बसायचंस. तुझं वजन बघून मी त्यांची माफी मागितली हाय."

मला त्यांनी विचारलं, "पळताना चप्पल तुटली तर काय करशील?"

मी म्हटलं, "दुसरी पण काढेन."

"काय? ऐकू नाय आलं."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला. तिसऱ्यांदा मी जवळजवळ ओरडले. ते म्हणाले, "उत्तर बरोबर. आवाज नापास. उद्यापासनं जेवणाच्या सुट्टीत कंप्रेसरच्या मागे ये."

कंप्रेसर रूमच्या मागे इतका आवाज असतो की आपलं आपल्याला ऐकू येत नाही. तिथे एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला मी, हातात डबा. मी एकेक घास खायचा आणि मध्ये ओरडून सांगायचं की डब्यात काय आहे. त्यांना ऐकू आलं तर पुढचा घास. पहिल्या आठवड्यात मी बऱ्याचदा उपाशी राहिले. "काय गो सायन्स, आज परत उपास?" म्हणून चिडवायचे. मग एक दिवस मी पोटातून ओरडले, "कुळथाची पिठी आणि भात!" आणि ते हात वर करून नाचले. त्यानंतर गावी गेले तेव्हा मी अंगणातून भावाला हाक मारली, तर आई चुलीपासून बाहेर आली. म्हणाली, "बाय माजे, तुजा आवाज पऱ्याच्या पाण्यापलीकडं गेला. नोकरी हाय की गुरं राखायला जातेस?"

तांडेल सोपे नव्हते, हेही सांगायला हवं. कंप्रेसरजवळ बिडी ओढणाऱ्या एका सुपरवायझरच्या डोक्यावर त्यांनी बादलीभर पाणी ओतलं होतं, आणि ते पाणी कोळंबी धुतलेलं होतं. जहाजावरच्या गोष्टी सांगायचे त्यातल्या निम्म्या खोट्या असाव्यात, कारण एकाच आगीत ते कधी एडनला असत तर कधी कोलंबोला. एकदा शीतगृहाचं दार उघडं राहून थंड वाफ बाहेर आली, ती गॅस समजून त्यांनी भोंगा वाजवला आणि सगळा कारखाना भर उन्हात उभा केला. चूक कळल्यावर खाली मान घालतील असं वाटलं होतं. उलट गेटवर उभे राहून म्हणाले, "खोटा ठरलेला भोंगा म्हणजे देवाची कृपा. पेढे वाटा!"

गाऱ्हाण्याची गोष्ट अशी. कोकणात गावचा मानकरी, म्हणजे गावकर, देवापुढे सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात. पथक तयार झाल्यावर पहिल्या सरावात बाहेर आलेल्यांची हजेरी घेतली. नाव पुकारलं की "हजर". सगळे हजर भरले. तांडेल आत गेले आणि तिघींना कँटीनच्या मागून हाताला धरून घेऊन आले. त्या तिथे गप्पा मारत बसल्या होत्या आणि त्यांच्या मैत्रिणींनी त्यांच्या वतीने "हजर" ओरडून टाकलं होतं. शाळेपासूनची सवय. त्यात कुणाला काही वाईट वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तांडेल मला म्हणाले, "हजेरीला माणूस खोटं बोलतो. कुठं बोलत नाय, सांग बघू?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"गाऱ्हाण्याला नाय बोलत. आजवर ऐकलंस काय, गावकर देवाला गाऱ्हाणं घालतोय आणि कोणी खोटं 'व्हय म्हाराजा' बोलतोय?"

पुढच्या सरावात ते छाती पुढे काढून, डोळे मिटून, खऱ्या गावकरासारखे उभे राहिले. "बा रत्नाकरा म्हाराजा! आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमलीत. सोलणाची सगळी बाहेर आलीत काय?" आता उत्तर द्यायचं ते त्या विभागाच्या एका प्रमुख बाईने, आपली सगळी माणसं डोळ्यांनी बघून. सगळी आली असतील तर "व्हय म्हाराजा". एक जरी आत असेल तर गप्प राहायचं. बस. गप्प राहिलं की पथक आत जाणार.

पॅकिंगची प्रमुख रुखसाना. राजिवड्याची. ती पुढे येऊन म्हणाली, "तांडेल, मी हे कसं बोलू?"

ते म्हणाले, "तुझ्या देवाला स्मरून जे खोटं बोलवत नाय ते बोल. शब्द तुझे, माणसं सगळ्यांची."

तेव्हापासून पॅकिंगचं उत्तर येई, "अल्ला कसम, सगल्या भायेर!" केरळच्या बायकांनी आणि नेपाळी पोरांनीही 'व्हय म्हाराजा' उचललं, आणि नेपाळी पोरांचं तर आमच्यापेक्षा जोरात. मॅनेजरसाहेबांना मात्र हे सगळं बघून कसंसंच व्हायचं. "हा एक्स्पोर्ट युनिट आहे की जत्रा?" असं ते विचारत. तांडेल म्हणत, "जत्रेत माणसं हरवतात साहेब. इथं नाय हरवत."

पण खरा तंटा गमबुटांचा होता.

मासळीच्या कारखान्यात बाहेरची चप्पल आत येत नाही आणि आतले गमबूट बाहेर जात नाहीत. दारापाशी चेंजिंग रूम आहे. तिथे चप्पल काढायची, गमबूट घालायचे, हात धुवायचे. बाहेर पडताना उलट. हा नियम बायकांच्या अंगात इतका भिनलेला, की एका सरावात भोंगा वाजल्यावर हॉलमधल्या सगळ्या जणी संकटकाळच्या मोठ्या दाराकडे न जाता चेंजिंग रूमपुढे शिस्तीत रांग लावून उभ्या राहिल्या. एकेक जण बूट काढून जागेवर ठेवत होती, ॲप्रन खुंटीला लावत होती, हातही धूत होती. तांडेल आधी पोट धरून हसले. मग त्या रांगेकडे बघत खाली पायरीवर बसले आणि त्यांचे डोळे भरून आले. "गॅस काय रांगेत उभा राहणार हाय गो?" असं मलाच विचारलं.

त्यांची मागणी एकच होती : हॉल भरलेला असताना, काम चालू असताना, सगळ्यांनी गमबुटांसकट मोठ्या दारातून बाहेर पडायचा सराव एकदा तरी झाला पाहिजे. मॅनेजरसाहेब म्हणत, बूट बाहेर गेले की सगळा हॉल परत धुवावा लागतो, टेबलावरचा माल जातो, सराव सुट्टीच्या दिवशी करा. सुट्टीच्या दिवशी हॉलमध्ये कोण असतं? झाडूवाला आणि मांजर. हा वाद महिनोन् महिने चालला.

मग परदेशी गिऱ्हाईक आलं. हॉल झाडूनपुसून लख्ख, प्रत्येक टेबलाशी बायका, मॅनेजरसाहेब पाहुण्यांना काचेतून काम दाखवताहेत. त्या सकाळी तांडेलांनी मला चेंजिंग रूमच्या दारात उभं केलं आणि म्हणाले, "इथनं कुणाला सोडू नको. तुझा साहेब आला तरी." मी विचारलं, "आज?" ते म्हणाले, "संकट काय पाहुणे बघून येतंय?"

आणि भोंगा वाजला.

बायका टेबलावरून सुटल्या त्या थेट माझ्याकडे. मी दोन्ही हात पसरून दार अडवलं. "बूट काढायचे नाहीत! मोठ्या दाराने!" मागून माझे क्वालिटीचे साहेब ओरडत होते, "बूट काढा! कोणी बुटांनी बाहेर जायचं नाही!" ते माझे वरिष्ठ. माझी नोकरी त्यांच्या सहीवर. बायका मध्येच थबकल्या, एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघू लागल्या. मी कंप्रेसरमागचा तो सगळा आवाज काढला. "सुगंधावहिनी, मोठं दार!" वहिनींनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं, वळल्या, आणि मोठ्या दाराचा आडवा दांडा खांद्याने ढकलला. त्यांच्यामागे सगळा हॉल गमबुटांसकट मागच्या उघड्या कातळावर उतरला.

बाहेर तांडेल डोळे मिटून उभे होते. सोलण, निवड, फ्रीझर, सगळे "व्हय म्हाराजा". पॅकिंगला विचारलं आणि शांतता. रुखसाना गप्प उभी होती. पाहुण्यांसमोर, मॅनेजरसाहेब डोळे वटारत असताना, ती गप्पच राहिली. पथक आत गेलं आणि बाजूच्या खिडकीतून चेंजिंग रूममध्ये शिरलेल्या एका मुलीला घेऊन आलं. तिच्या हातात चपला होत्या. "नवी हाय ओ," ती म्हणाली, "कोनी घालून गेलं असतं तर?"

त्या दिवशी संध्याकाळी तांडेलांना केबिनमध्ये बोलावलं. मी बाहेरच होते.

"कोणाला विचारून भोंगा वाजवलात?"

"विचारून वाजवतात ती शाळेची घंटा, साहेब."

"माल गेला सगळा. निदान चूक झाली एवढं म्हणा. तोंडी म्हणा. मी वर सांभाळून घेतो."

"माल गेला तो मी बघितला. मला वाईट वाटलं. पण पोरगी चपलेसाठी आत गेली ती आज कळली, की गॅस सुटल्यावर कळायला हवी होती?"

"तुम्ही माफी मागणार आहात की नाही?"

"नाय."

एवढंच. त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. भोंग्याच्या बटणावर पाटी आली : व्यवस्थापकांच्या परवानगीशिवाय वाजवू नये. माझी नोकरी राहिली, कारण तांडेलांनी सांगितलं होतं की ही पोरगी माझ्या हुकमाने उभी होती. पथक चालवायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून ते माझ्याकडे आलं.

शेवटच्या दिवशी ते निघाले तेव्हा मी त्यांनीच गच्चीवर बांधलेल्या लुंगीकडे बघून विचारलं, "तुमची लुंगी उतरवून देऊ?"

"मग वारा कोणाला विचारशील? तुझ्या मॅनेजरला?" पिशवी खांद्याला लावली. "आणि एक ध्यानात ठेव. तांडेल बोट सोडत नाय, तशी तू जागा सोडायची नाय. आत जायचं काम पथकाचं. तू बाहेर उभी राहून सगळ्यांचे आवाज ऐकायचे. ते आत जाण्यापेक्षा कठीण हाय. चल, येतो."

आमच्याकडे जातो म्हणत नाहीत. पण ते परत आले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात, भर दुपारी, प्लेट फ्रीझरजवळचा एक जोड फुटला. मी हॉलमध्ये होते. आधी नाकात सुई टोचल्यासारखं झालं, मग भिंतीशी पांढरं धुकं दिसलं, आणि या वेळी ते शीतगृहाचं नव्हतं. भोंगा दहा पावलांवर होता, त्यावर पाटी होती. मॅनेजरसाहेब वर केबिनमध्ये होते. मी पाटी वाचली, असं खोटं सांगणार नाही. मी बटण दाबलं.

चेंजिंग रूमकडे एकही बाई गेली नाही. ओले ॲप्रन तोंडाला लावून सगळ्या मोठ्या दारातून बाहेर. बाहेर येताच मी गच्चीकडे पाहिलं. लुंगी गेटच्या बाजूला ताणून फडफडत होती, म्हणजे धुकं तिकडे चाललं होतं. रोजच्या सवयीने माणसं गेटकडेच धावत होती. मी ओरडले, "गेट नको! कातळावर चला, कातळावर!" आणि सगळे वळले.

पथकातले दोघे पाठीवर हवेची नळकांडी लावून व्हॉल्व्ह बंद करायला गेले. मी कातळावर उभी राहिले. डोळे मिटले नाहीत, तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

"बा रत्नाकरा म्हाराजा! सोलणाची सगळी आलीत काय?"

"व्हय म्हाराजा!"

"पॅकिंगची?"

"अल्ला कसम, सगल्या भायेर!"

निवड, फ्रीझर, कँटीन. शेवटी ऑफिस. ऑफिसचे प्रमुख स्वतः मॅनेजरसाहेब. आजवरच्या सरावात ते खिशात हात घालून "हो, हो" म्हणत. आज डोळे लाल, रुमाल तोंडाला. मी विचारलं, "ऑफिसची सगळी आलीत काय, म्हाराजा?"

त्यांनी तोंड उघडलं. मागे वळून आपली माणसं पाहिली, आणि तोंड मिटलं.

सगळ्यांना त्या शांततेचा अर्थ ठाऊक होता.

"मावशी," ते म्हणाले. "चहाच्या मावशी. वर पँट्रीत. त्यांना... त्यांना ऐकू कमी येतं."

मी सुगंधावहिनींकडे पाहिलं. स्ट्रेचरच्या चौघींनी मास्क चढवले होतेच. मला त्यांच्याबरोबर जावंसं वाटलं, फार वाटलं. मी जागा सोडली नाही. त्या धुक्यात शिरल्या आणि मी फक्त दाराकडे बघत राहिले. वहिनींची दोन्ही मुलं आमच्याच गल्लीत खेळतात, हे त्या वेळी आठवायला नको होतं, पण आठवलं.

मग दारातून स्ट्रेचर आलं. वरच्या जिन्यावरून चौघी खांदे बदलत उतरल्या होत्या आणि एकदाही ते भुईला लागलं नव्हतं. मावशी खोकत होत्या. खोकत होत्या म्हणजे जिवंत होत्या. कुणीतरी त्यांच्या डोळ्यांवर पाणी ओतत होतं आणि त्या ओरडत होत्या, "अगो, दूध उतू जाईल!"

मी पुन्हा विचारलं, "ऑफिसची सगळी आलीत काय?"

मॅनेजरसाहेबांनी रुमाल खाली घेतला. "व्हय म्हाराजा," ते म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं.

मावशी आठवड्याभरात घरी आल्या. पाटी अजून भोंग्यावर आहे. ती कुणी काढली नाही आणि कुणी पाळतही नाही. लुंगी उन्हाने विटली, मध्ये एकदा मी तशाच चौकड्यांची नवी आणली. आणि सल्लागारांना मी जे सांगितलं ते इथेही सांगते : रेकॉर्ड केलेला आवाज सगळ्यांना बाहेर जायला सांगेल, पण कोण आत राहिलं ते तो ऐकू शकणार नाही. मला गप्प राहिलेला माणूस ऐकायचा असतो.

गॅस सुटला त्या दिवशी संध्याकाळी मी तांडेलांना फोन केला होता. काय झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी शाबासकी दिली नाही. विचारलं, "विचारलंस काय कोणाला, भोंगा वाजवताना?"

"नाही."

मग ते काहीच बोलेनात. फोनवर नुसता खाडीचा वारा ऐकू येत होता. ते गप्प झाले की काय समजायचं, ते त्यांनीच मला शिकवलं होतं. मी जोरात म्हटलं, "तांडेल, सगळी बाहेर आलीत. एकही आत नाही."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले. आणि लगेच, "ओरडतेस कशाला गो? मी काय कंप्रेसरच्या मागे हाय?"